पुरुषांच्या परफ्युममधले आधुनिक क्लासिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आधुनिक क्लासिक’ नेमकं कशाला म्हणायचं?

जो खूप खपतो तो क्लासिक, असं आम्ही मानत नाही. जो महाग तो क्लासिक, असं तर अजिबात नाही. आम्ही तीन गोष्टी पाहतो. त्या परफ्युमने वासाची नवी मांडणी आणली का? तो आल्यावर इतर कंपन्यांना त्याला उत्तर म्हणून काहीतरी काढावं लागलं का? आणि जवळपास दहा वर्षांनी आज तो अंगावर मारला तर जुन्या कपाटासारखा वाटतो, की अजून ताजा वाटतो?

यातली दुसरी कसोटी सगळ्यात महत्त्वाची. जुनी उदाहरणं पाहा. उबिगाँ या फ्रेंच कंपनीच्या ‘फुझेर रोयाल’ने १८८२ साली कुमारिन हा सुक्या गवतासारख्या वासाचा रेणू वापरला आणि पुरुषांच्या परफ्युमचं एक अख्खं घराणं सुरू झालं. १९६६च्या ‘ओ सोवाज’मध्ये एदमाँ रुदनित्स्का यांनी हेडिओन हा जाईसारखा हलका रेणू घातला आणि लिंबाच्या वासाला मोकळी हवा मिळाली. १९८८च्या ‘कूल वॉटर’ने पुढच्या दशकातला ‘स्वच्छ पुरुषी’ वास ठरवून टाकला. अलीकडच्या परफ्युममध्येही आम्ही हेच शोधतो.

‘अलीकडचे’ म्हणजे कधीपासूनचे?

२००५पासून. त्या वर्षी ‘डिओर ओम’ आला आणि पुढच्याच वर्षी ‘तेर द’एर्मेस’. नव्वदच्या दशकातला पाणीदार, खरबूज-समुद्र छापाचा वास तिथे मागे पडला.

मग यादी कोणती?

आमच्या मते पक्के आठ (कंसात वर्ष, पुढे तो बनवणाऱ्या परफ्युमरचं नाव) :

- डिओर ओम (२००५), ऑलिव्हिए पोल्झ
- तेर द’एर्मेस (२००६), जाँ-क्लोद एलेना
- लालीक आंक्र न्वार (२००६), नताली लोर्सों
- इव्ह सँ लोराँ ला न्वी द लॉम (२००९), आन फ्लिपो, पिएर वार्न्ये आणि दोमिनिक रोपियाँ
- ब्लू द शनेल (२०१०), जाक पोल्झ
- क्रीड अव्हेंटस (२०१०)
- डिओर सोवाज (२०१५), फ्रांस्वा दमाशी
- प्राडा लॉम (२०१६), दानिएला आंद्रिए

अव्हेंटसपुढे नाव दिलेलं नाही, कारण त्याचं श्रेय कुणाचं यावर एकमत नाही. कंपनी ते ऑलिव्हिए क्रीड यांना देते, जाणकार जाँ-क्रिस्तॉफ एरो यांचं नाव घेतात.

उच्चारांचं दडपण घेऊ नका. दुकानात ‘सॉवेज’ किंवा ‘टेरे’ म्हटलं तरी योग्य बाटली पुढे येते.

यातला एकच घ्यायचा असेल तर?

तेर द’एर्मेस, साधा ईडीटी (ओ द त्वालेत, म्हणजे कमी दाट रूप). याबद्दल आमच्यात दुमत नाही.

‘तेर’ म्हणजे भूमी. सुरुवातीला संत्रं आणि ग्रेपफ्रूट येतं, पण गोड रसाळ फळ म्हणून नाही. साल पिळल्यावर हाताला जो कडसर, तेलकट वास लागतो, तसं. मग मिरी. त्याच्यामागे एक विलक्षण कोरडा, खनिज वास, जणू दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येणारा. तळाशी देवदारासारखं लाकूड, थोडा ऊद आणि वाळा.

वाळा म्हटल्यावर मराठी माणसाला माठातलं पाणी आणि उन्हाळ्यातले ओले पडदे आठवतात. इथला वाळा तितका ओला नाही. पाणी सुकल्यावर मुळीत जो मातकट, धुरकट वास उरतो तो घ्यायचा. म्हणूनच हा परफ्युम आपल्या हवेत परका वाटत नाही.

यात आयसो ई सुपर नावाच्या रेणूचा वाटा फार मोठा आहे. त्याचा स्वतःचा वास पुसट, मऊ, लाकडी असतो, पण बाकीच्या घटकांना तो जागा करून देतो. त्यामुळे तेर जड होत नाही, माणसाभोवती हातभर अंतरावर तरंगत राहतो. एलेना कमी घटकांत काम करणारे परफ्युमर म्हणून ओळखले जातात आणि इथे ते जाणवतं. एकही सूर जास्तीचा नाही.

चुकतं ते असं. तेर विकत घेणारे बरेचजण पहिल्या पाच मिनिटांच्या कडसर संत्र्यावर निकाल देतात. तो तासाभराने पाहावा. दुसरं म्हणजे, तो विशीच्या आतल्या मुलांना बऱ्याचदा ‘काकांचा वास’ वाटतो. त्यांनी पुन्हा काही वर्षांनी हुंगावा.

याच परफ्युमचा २००९चा पार्फम जास्त दाट आणि लाकडी आहे, पावसाळ्यात व थंडीत छान. २०१८चा ‘ओ इन्तान्स व्हेतिव्हेर’ क्रिस्तीन नाजेल यांचा. वाळा आवडत असेल तर तो जरूर हुंगा, पण आधी मूळ.

डिओर ओम घ्यायला गेलो तर वेगळाच वास निघाला. बाटली बनावट आहे का?

बहुधा नाही. नाव तेच ठेवून कंपनीने आतला परफ्युमच बदलला आहे. २००५चा डिओर ओम आयरिस या फुलझाडाच्या कंदावर उभा होता. हा कंद उकरून, सोलून, सुकवून साधारण तीन वर्षं ठेवावा लागतो, तेव्हा कुठे त्यात वास तयार होतो. तो वास पावडरीचा, लिपस्टिकचा, थोडा गाजरासारखा असतो. त्याला कोको, लॅव्हेंडर आणि चामड्याची जोड देऊन पोल्झ यांनी तो पुरुषांच्या बाटलीत भरला. त्या काळात हे धाडस होतं.

२०२० साली ‘डिओर ओम’ नावाने दमाशी यांचा लाकडी-मस्की परफ्युम आला. त्याचा जुन्याशी काही संबंध नाही. जुना ईडीटी काही बाजारांत ‘ओरिजिनल’ या शब्दासह विकला गेला. आयरिसच हवा असेल तर ‘डिओर ओम इन्तान्स’ शोधा. तो २००७पासूनचा, जास्त गोड आणि दाट आहे. ऑनलाइन घेताना फोटोवर विसंबू नका, विक्रेत्याला खोक्यावरचं पूर्ण नाव आणि बॅच क्रमांक विचारा.

नाव कायम ठेवून आतला माल बदलणं आम्हाला मान्य नाही. नवा परफ्युम वाईट नाही, पण वीस वर्षांपूर्वीची ओळख त्याला उसनी दिली गेली आहे.

आयरिस आवडतो, पण इन्तान्स ऑफिसला फार होतो. काय करू?

प्राडा लॉम. आयरिसच, पण नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क), जिरेनियम आणि साबणाच्या फेसाबरोबर. नुकत्याच इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टाचा वास असतो ना, तसा. बंद एसीच्या खोलीत, लोकलच्या गर्दीत, मुलाखतीला, कुठेही चालतो. त्याचा दोष एवढाच की तो फार दूर जात नाही आणि स्वतःच्या नाकाला लवकर लागेनासा होतो. पाच-सहा फवारे मारले तरी हरकत नाही.

ब्लू द शनेलचा वास सगळ्यांसारखाच येतो. त्यात क्लासिक ते काय?

तो सगळ्यांसारखा येत नाही, सगळे त्याच्यासारखे येतात. ग्रेपफ्रूट, पुदिना, आलं, त्याखाली धूप आणि सिडार लाकूड, ही जोडणी २०१०मध्ये आली. आंघोळ करून आल्यासारखी स्वच्छता आणि पाठीमागे थोडा गंभीर धूर. त्यानंतर दुकानातली निळ्या बाटल्यांची रांग वाढतच गेली. आज त्या रांगेत उभं राहून मूळ बाटली हुंगली की ती साधी वाटते. नक्कल इतकी झाली की मूळच मळून गेलं.

तीन रूपं लक्षात ठेवा. २०१०चा ईडीटी जास्त चुरचुरीत, लिंबाळ. २०१४चा ईडीपी (ओ द पार्फम, ईडीटीहून दाट) गोलसर, धुपाचा भाग जास्त. २०१८चा पार्फम ऑलिव्हिए पोल्झ यांचा, चंदनाकडे झुकलेला. ऑलिव्हिए हे जाक पोल्झ यांचे चिरंजीव. डिओर ओमही त्यांचाच. एक बाटली घ्यायची तर आमचा कौल ईडीपीला. बारा महिने चालतो.

सोवाज तर गल्लोगल्ली येतो. तो या यादीत कसा?

सर्वत्र येतो म्हणून तो वगळता येत नाही, तसा फक्त खपतो म्हणून घेतलेलाही नाही. त्याने ॲम्ब्रॉक्सन या रेणूचा डोस असा उघड्यावर आणला की २०१५नंतरचे कितीतरी परफ्युम त्याच वाटेने गेले.

त्याच्या सुरुवातीला इटलीतल्या कालाब्रियाचं बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं सुवासिक फळ) आणि मिरी येते. सिचुआन मिरीचाही सूर आहे, आणि ही मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. दोन्ही एकाच प्रजातीतल्या. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडल्यावर जिभेला जी मुंगी येते आणि नाकात जो लिंबाळ, लाकडी झोत जातो, तो आठवा. सोवाजच्या पहिल्या दहा मिनिटांत त्याची झाक सापडते. कोकण-गोव्याकडच्या नाकाला ती लगेच कळावी.

मग ॲम्ब्रॉक्सन. खारट, कोरडा, थोडा धातूसारखा, आणि हटता हटत नाही.

ॲम्ब्रॉक्सन म्हणजे व्हेलची उलटी का?

नाही. वर्तमानपत्रं जिला ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणतात, ज्याच्या तस्करीत कोकण किनाऱ्यावर धरपकडीच्या बातम्या येतात, तो पदार्थ अंबर. तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. स्पर्म व्हेलला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि अंबर बाळगणं वा विकणं आपल्याकडे गुन्हा ठरतो. ॲम्ब्रॉक्सन हा त्या वासाच्या गाभ्यातला एक रेणू असून तो क्लॅरी सेज नावाच्या झुडपातल्या स्क्लेरिओलपासून बनवतात. तुमच्या बाटलीत व्हेल नाही.

अव्हेंटस आणि त्याच्या नकला यांत खरंच फरक आहे का?

आहे, पण किमतीएवढा नाही. अव्हेंटसची कल्पना साधी आणि थोर : वर अननस, काळं करंट नावाची बेरी आणि बर्गमॉट, खाली बर्चच्या लाकडाचा धूर, पाचेचं (पॅचुलीचं) तेल आणि मॉस. गोड फळाखाली विस्तव. ती फळ आणि धूर यांची जोडी त्याआधी पुरुषांच्या परफ्युममध्ये अशी कुणी मांडली नव्हती, आणि त्यानंतर ती किती जणांनी उचलली याची मोजदाद नाही.

संयुक्त अरब अमिरातीतल्या ‘आरमाफ’चा ‘क्लब द न्वी इन्तान्स मॅन’ ही त्याची सर्वांत गाजलेली नक्कल. पहिली पंधरा-वीस मिनिटं तिच्यात लिंबाचा कडक, कृत्रिम झोत येतो, फरशी पुसायच्या द्रावणाची आठवण होईल असा. अव्हेंटसमध्ये तिथे रसाळ अननस असतो. तासाभराने दोन्ही बरेच जवळ येतात आणि पाच फुटांवरच्या माणसाला फरक सांगता येणं कठीण. नक्कल अनेकांच्या अंगावर जास्त टिकते हेही खरं. ती बाहेर पडायच्या अर्धा तास आधी मारली तर सुरुवातीचा झोत घरातच ओसरतो.

अव्हेंटसच्या बॅचबॅचमध्ये फरक असतो, कुठे धूर जास्त, कुठे फळ. त्यामुळे ज्या बाटलीतून डिकँट (छोट्या कुपीत काढलेला नमुना) घेऊन आवडला, त्याच बाटलीचा वास दुसरीत मिळेलच असं नाही.

ला न्वी द लॉम टिकत नाही म्हणतात. तरी घ्यावा?

वेलदोडा आवडत असेल तर घ्यावा. श्रीखंडावर भुरभुरवलेल्या नव्हे, नुकत्याच सोललेल्या वेलदोड्याचा वास, त्याच्याबरोबर लॅव्हेंडर आणि सिडार. इतका जवळचा, मऊ परफ्युम या यादीत दुसरा नाही. तो चार-पाच तासांत मंदावून अंगाजवळच उरतो, हे खरं. संध्याकाळी जेवायला जाण्यापुरता तो पुरतो. दिवसभर हवा असेल तर ५ मिलीची छोटी कुपी खिशात ठेवा आणि पुन्हा दोन फवारे मारा. शर्टाच्या आतल्या बाजूला मारलेला फवारा त्वचेपेक्षा जास्त वेळ राहतो, पण रेशमी किंवा पांढऱ्या कपड्यावर आधी कोपऱ्यात तपासा, डाग पडू शकतो.

आंक्र न्वारबद्दल फारसं ऐकलं नाही. तो इथे का?

कारण वाळ्याचा इतका काळोखा, ओला, सरूच्या झाडांखालचा वास कुणी इतक्या कमी पैशांत दिला नाही. या यादीतला हा सर्वांत स्वस्त. नावाचा अर्थ काळी शाई, आणि बाटलीही शाईच्या दौतीसारखी काळी, चौकोनी. त्याची नक्कल फारशी झाली नाही, म्हणजे आमच्या दुसऱ्या कसोटीवर तो कमी पडतो. तरी ठेवला, कारण वाळ्यावर बोलताना त्याला टाळून पुढे जाता येत नाही. लग्नकार्यात मारू नका. पाऊस लागून राहिलेल्या दिवशी मारा.

वन मिलियन, स्पाइसबॉम्ब, ऊद वुड, बाकारा रूज का नाहीत?

पाको राबानचा ‘वन मिलियन’ (२००८) अगदी उंबरठ्यावर आहे. दालचिनी, गुलाब, चामडं आणि गोडवा यांची जोडणी त्याने रूढ केली. पण तो आज त्या काळातल्या नाइटक्लबमध्येच अडकलेला वाटतो, म्हणून तिसऱ्या कसोटीवर मागे पडला. व्हिक्टर अँड रॉल्फचा ‘स्पाइसबॉम्ब’ (२०१२) उत्तम परफ्युम आहे, नवी वाट मात्र त्याने पाडली नाही.

टॉम फोर्डचा ‘ऊद वुड’ (२००७), ल लाबोचा ‘सांताल ३३’ (२०११) आणि ‘बाकारा रूज ५४०’ (२०१५) हे स्त्री-पुरुष दोघांसाठी काढलेले आहेत. प्रभाव प्रचंड, पण इथला विषय पुरुषांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या परफ्युमचा आहे.

जाता जाता एक : परफ्युममधला ‘ऊद’ म्हणजे अगरूचं लाकूड. आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतो तो ऊद वेगळा, तो एका झाडाचा डिंक. तेरच्या तळाशी आम्ही म्हटलेला ऊद हा घरातला.

२०१६नंतर काहीच आलं नाही का?

आलं. ‘सोवाज एलिक्सिर’ (२०२१) सर्वांत पुढे आहे. जायफळ, दालचिनी, वेलदोडा, ज्येष्ठमध आणि लॅव्हेंडर, आणि इतका दाट की एक फवारा पुरतो. त्याच्या नकला सुरू झाल्या आहेत. ‘ल माल ल पार्फम’ (२०२०) हा दुसरा उमेदवार. दोघांनाही अजून थोडी वर्षं द्यायला हवीत.

ईडीटी, ईडीपी, पार्फम यांत नेमका फरक काय?

साधारणपणे ईडीटीत सुगंधी अर्क ५ ते १५ टक्के, ईडीपीत १५ ते २० आणि पार्फममध्ये त्याहून जास्त. पण हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत. आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट : पुरुषांच्या परफ्युममध्ये ही रूपं त्याच द्रवाची पातळ-दाट आवृत्ती नसतात, मांडणीच वेगळी असते. सोवाजचा ईडीटी (२०१५) धारदार, ईडीपी (२०१८) व्हॅनिलाकडे झुकलेला, पार्फम (२०१९) चंदनाकडे. ईडीटी आवडला म्हणून पार्फम न हुंगता मागवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. शिवाय ‘जास्त दाट’ म्हणजे ‘जास्त लांब जाणारा’ असंही नाही. ईडीटी अनेकदा जास्त पसरतो, पार्फम अंगाजवळ जास्त वेळ राहतो.

पूर्वीसारखा वास राहिला नाही, हा निव्वळ भास का?

काही वेळा भास, काही वेळा खरं. कारणं ठरलेली आहेत. एक, नियम. ओकमॉस हे ओकच्या झाडावर वाढणारं, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या कुळातलं शैवाक (लायकेन). त्यातल्या ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉलमुळे त्वचेला ॲलर्जी होते म्हणून युरोपीय संघाने त्यांच्यावर बंदी घातली. लिलियल हा फुलासारख्या वासाचा कृत्रिम घटक तिथे मार्च २०२२पासून बंद झाला. ज्या परफ्युममध्ये हे घटक होते त्यांची मांडणी बदलावीच लागली. दोन, पीक आणि भाव. वाळा, बर्गमॉट, आयरिस ही शेतातली पिकं आहेत. तीन, खर्चकपात.

तपासायचं असेल तर जुन्या आणि नव्या खोक्यावरची घटकांची यादी शेजारी ठेवा. एखादं नाव गळालं किंवा नवं आलं असेल तर मांडणी बदलली असण्याची शक्यता मोठी. यादी सारखी असली तरी प्रमाण बदललेलं असू शकतं. आणि जुनी बाटली अर्धी रिकामी होऊन पाच-सहा वर्षं पडली असेल तर तिच्यातले लिंबाळ घटक खराब झालेले असतात. मग तुलना न्याय्य राहत नाही.

दुकानात कसा तपासायचा?

एका फेरीत तीनच. कागदी पट्टीवर फवारा मारा, अर्धा मिनिट थांबा, अल्कोहोल उडू द्या, मग हुंगा. पट्टीवर नाव लिहा, नाहीतर पाच मिनिटांत घोळ होतो. तिघांतून एक निवडून मनगटावर एक फवारा मारा आणि दुकानाबाहेर पडा. दहा मिनिटांनी, तासाने आणि सहा तासांनी हुंगा. शेवटचा वास आवडला तरच दुसऱ्या दिवशी परत जा.

कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजं होतं असं विक्रेते सांगतात. स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू किंवा शर्टाची बाही हुंगली तरी तेवढंच काम होतं. दुकानात आधीच अंगावर काही मारून जाऊ नका.

मनगटं घासू नयेत असं म्हणतात त्याचं कारण ‘रेणू तुटतात’ हे नव्हे. घासल्याने त्वचा गरम होते आणि वरचे हलके सूर लवकर उडतात, इतकंच. अत्तर हातावर चोळायची आपली रीत चुकीची नाही. तेलात अल्कोहोल नसतं, तिथे चोळून पसरवावंच लागतं.

मुंबईच्या उकाड्यात किती फवारे?

उष्णतेने परफ्युम जास्त वेगाने उडतो आणि दमट हवेत तो जास्त भरून राहतो. म्हणून उन्हाळ्यात संख्या कमी ठेवा. आमचा अंदाज : सोवाज २, वन मिलियन २, अव्हेंटस ३, ब्लू द शनेल ईडीपी ३, तेर ईडीटी ४, ला न्वी ४, प्राडा लॉम ५. नाशिक-पुण्याच्या कोरड्या थंडीत प्रत्येकी एक वाढवा. दिल्लीच्या थंडीत किंवा परदेशात बर्फाच्या दिवसांत दोन.

छातीवर आणि मानेच्या मागे मारा. आंघोळीनंतर अंग कोरडं करून, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून मारला तर कोरड्या त्वचेवर तो स्पष्टपणे जास्त टिकतो. घामाच्या जागी, काखेत मारू नका. घाम आणि परफ्युम मिळून तिसराच वास होतो. दाढी केल्या केल्या गालावर मारल्यास आग होते, म्हणून गाल सोडून द्या.

मला स्वतःला तासाभरात वास येईनासा होतो. परफ्युम खराब निघाला का?

बहुतेक वेळा नाही. नाक सतत येणाऱ्या वासाची नोंद घेणं थांबवतं. आयसो ई सुपर, ॲम्ब्रॉक्सन आणि कस्तुरीसारखे मस्क यांच्या बाबतीत तर काही माणसांच्या नाकाला ते मुळातच कमी कळतात. तेर आणि प्राडा लॉम वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. चार तासांनी घरातल्या किंवा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारा. उत्तर ‘येतोय’ असेल तर आणखी फवारे मारू नका. लिफ्टमध्ये लोकांना गुदमरवणारे बहुतेकजण याच गैरसमजातून तिथवर पोचलेले असतात. आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस दुसरा परफ्युम वापरा, नाक सुधारतं.

बनावट बाटली कशी ओळखायची?

सोवाज, ब्लू द शनेल आणि अव्हेंटस यांचा ‘फर्स्ट कॉपी’ माल सर्रास मिळतो. एका खुणेवर निकाल देऊ नका, चार-पाच एकत्र पाहा. खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच क्रमांक एकच हवा. फवारा बारीक धुक्यासारखा हवा, थेंब उडत असतील तर शंका घ्या. काचेचा तळ सपाट, बुडबुड्यांविना. आतली नळी द्रवात जवळपास दिसेनाशी व्हावी. झाकण बसताना घट्ट लागतं, डुगडुगत नाही. भारतात अधिकृत आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि नोंदणी क्रमांकाचं लेबल असतं. दुबईहून आणलेल्या अस्सल बाटलीवर ते नसेल. मग विक्रेत्याकडे खरेदीचं बिल मागा.

बॅच क्रमांक ऑनलाइन तपासून ‘खरा’ निघाला म्हणजे बाटली अस्सल, असं नाही. क्रमांकही नकललेला असतो. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे तिसरा तास. बनावट माल सुरुवात बऱ्यापैकी जुळवतो, तळ जुळवू शकत नाही.

पूर्ण बाटली न घेता वापरून बघता येईल का?

५ मिलीचा डिकँट घ्या. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे जवळपास ५० फवारे. रोज चार मारले तर बारा दिवस. इतक्या दिवसांत उकाडा, एसी, घाम सगळं पाहून होतं. याच हिशोबाने १०० मिलीची बाटली रोज वापरून आठ महिने चालते. आठवड्यातून दोनदाच मारणाऱ्याने ५० मिलीच घ्यावी.

घरी काढायचा तर काचेची कुपी वापरा. स्वस्त प्लॅस्टिक वास धरतं आणि कधी अल्कोहोलने तडकतं. कुपी काठोकाठ भरू नका, दहावा भाग रिकामा ठेवा, नाहीतर उन्हात द्रव फुगून तोंडातून गळतो. नाव आणि तारीख चिकटवा.

बाटली कुठे ठेवायची?

खोक्यात घालून, कपाटात, खिडकीपासून लांब. न्हाणीघरात नको, तिथलं तापमान दिवसातून अनेकदा वरखाली होतं. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको. फ्रिजची गरज नाही. वर्षानुवर्षं जपायची बाटली असेल तर ती भरलेली आणि बंद राहू द्या. अर्ध्यावर आलेली बाटली मात्र दोन-तीन वर्षांत वापरून टाका. तिच्यात हवा शिरलेली असते, आणि हवेपुढे पहिल्यांदा संत्रं आणि बर्गमॉट हार खातात.